सिकलसेलच्या घरातली थंडी

डिसेंबर लागला की गोंदिया, भंडारा, नागपूरकडच्या आपल्या वस्त्यांत हातपाय दुखणाऱ्या पोराला एकच उत्तर मिळते : "थंडीनं दुखते, उन्हात बस." दुखणारी सून असली तर, "हिचं कामाच्या वेळेलाच कसं दुखते?" ज्या घरात सिकलसेल आहे, तिथे हा प्रश्न विचारणे बंद झाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विदर्भातली थंडी थोड्या दिवसांची, पण कडक. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. टिनाच्या छपराखाली तर घरात आणि बाहेर फारसा फरक नसतो. एसएस रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात. थंडीने रक्तवाहिन्या आखडल्या की त्या अडकतात, पुढे रक्त पोचत नाही आणि हाडे ठणकू लागतात. बाहेरून बहुधा सूजही नसते, जखमही नसते, म्हणून माणसावर ढोंगाचा संशय येतो. (एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा असा त्रास होत नाही.) आपल्या समाजात आणि आदिवासींत हा आजार आहे, हे आता सर्वांना माहीत आहे. तपासण्याही झाल्या. पण रिपोर्ट पेटीत पडून राहतो आणि ती पोरगी पहाटे पाचला गार पाण्याने भांडी घासत असते.

तिचे हे काम घरातल्या दुसऱ्याने उचलावे. नवऱ्याने उचलले तर काही बिघडत नाही. आंघोळीला आणि धुण्याला तिला कोमट पाणी द्यावे, तणसावर जाड वाकळ अंथरून द्यावी, पायात मोजे, कानाला रुमाल. आणि पाणी पाजावे. थंडीत तहान लागत नाही, शिवाय अंधारात संडासला जावे लागू नये म्हणून बायका मुद्दाम पाणी कमी पितात. शरीरातले पाणी घटले की दुखणे लवकर उठते. थंडी घालवायला दारू हा तर उलटाच उपाय, तिने शरीर आणखी कोरडे पडते.

शेतीपंपाची वीज अनेकदा रात्री येते. मग हरभऱ्याला, गव्हाला ओलीत करायला मजूर रात्रभर गार पाण्यात उभा. एसएस असलेल्या पोराला या कामाला पाठवू नये. मजुरी बुडते हे खरे. पण आठ दिवस खाटेवर पडला तर किती बुडते, तेही मोजावे.

दुखणे उठले तर शेक द्या, बर्फ कधीच लावू नका. ताप, छातीत दुखणे, धाप, पोटात डावीकडे फुगणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करा.

जानेवारीत फोटो काढून ब्लँकेट वाटतात, तोवर निम्मी थंडी सरलेली असते. त्यापेक्षा दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत एक प्रश्न विचारावा : आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या फेब्रुवारीपर्यंत पुरतील का? डॉक्टरांनी लिहून दिलेली हायड्रॉक्सियुरिया रोज घ्यावी लागते. केंद्रात साठा संपला की गावातल्या रुग्णाची गोळी तुटते, आणि ती तुटते नेमकी थंडीत. उत्तर लेखी मागा.