जाड लोखंडाला रॉड, पातळ पत्र्याला वायर



आज पराटी-तुरीचं नाही, वेल्डिंगचं लिहितो.

पोराचं आयटीआय झालं. आता जुन्या मोटारसायकलचं इंजिन लावून वावरात फिरायला लहान गाडी बनवतो म्हणते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून चालू होणारी जीप केली, २०२२ मध्ये आनंद महिंद्रांनी त्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. तेव्हापासून ही गाडी पोरांच्या डोक्यात बसली आहे. पोरगा म्हणते मिग मशीन घ्या. मी म्हणलो, घरचं आर्क काय वाईट आहे?

पंधरा दिवस वाद झाला. आता माझं मत सांगतो : दोघंही अर्धे बरोबर होतो. मशीन आवडीवर नाही, लोखंडाच्या जाडीवर ठरवायचं.

चेसिसचा अँगल, चॅनेल, म्हणजे ३ मिमी आणि त्यावरचं लोखंड असलं तर रॉडचं आर्क भरवशाचं. उघड्या अंगणात वाऱ्यातही चालते, सिलिंडर लागत नाही. पण बॉडीचा २० गेजचा पत्रा एक मिमीपेक्षाही पातळ. तिथं रॉड टेकवला की भोक पडलंच समजा. त्याला मिगची ०.८ ची वायर पाहिजे, आणि तीही लांब रेघ न ओढता सुटे सुटे टाके मारून. नाहीतर पत्रा तापून वाकते. मिगला वारा चालत नाही, गॅस उडून जाते आणि टाक्यात बारीक छिद्रं राहतात.

आता खरी गोष्ट. तीन वर्षांआधी ट्रॉलीचा हूक मीच जोडला होता. वरून टाका झकास दिसे. पण गंज घासला नव्हता, करंटही कमी ठेवला होता, त्यामुळं टाका लोखंडात मुरलाच नाही. कापूस भरून येताना चढावर हूक सुटला, ट्रॉली मागं घरंगळली आणि बाभळीला अडली. वेचणीच्या बाया नुकत्याच उतरल्या होत्या. ते आठवलं की अजून झोप उडते. मिगमध्ये हा धोका जास्तच, कारण जाड लोखंडावर कमी करंटचा टाकाही दिसायला देखणा येते.

म्हणून आमच्या घरी नियम ठरला. आधी त्याच जाडीचे दोन तुकडे जोडायचे, वाइसमध्ये धरून हातोड्यानं वाकवायचे. टाका उकलला तर गाडीला हात लावायचा नाही. स्टिअरिंग आणि एक्सलला घरी वेल्डिंग नाही, तयार पार्टच बोल्टनं बसवायचे. जस्ताचा पत्रा आधी घासायचा, त्याच्या धुरानं ताप येते. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढायची. आणि पासिंगशिवाय गाडी रोडवर न्यायची नाही, वावरातच फिरवायची.

मिग विकत घेणार नाही. चेसिस घरी, पत्रा पांढरकवड्याच्या गॅरेजमध्ये. पोरगा थोडा नाराज आहे, पण तुकडे वाकवून पाहणं सुरू झालं आहे.

तुमच्याकडं कोणी अशी गाडी केली असेल तर अनुभव लिहा, भाऊ.