लहान जिवांचा वाटा

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर नावाचे अभयारण्य आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटर क्षेत्राचे हे सागवानी अरण्य १९९७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०१९ च्या जून महिन्यात तेथील एक तरुण वाघ नव्या प्रदेशाच्या शोधात निघाला आणि शेते, नद्या, रस्ते ओलांडीत, तेराशेहून अधिक किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या या प्रवासाची वार्ता देशोदेशी गेली. वाघाचे कौतुक व्हावे यात वावगे काही नाही. परंतु ज्या गवतातून तो वाघ गेला, त्या गवतात जन्मणाऱ्या आणि तेथेच मरणाऱ्या सशाची वार्ता कोण देतो? अरण्याचे रक्षण म्हणजे केवळ वाघाचे रक्षण, अशी एक समजूत रूढ होऊ पाहत आहे. ही समजूत अपुरी आहे आणि तिचा परिणाम अखेर माणसालाच भोगावा लागतो.

ससा सर्वांना ठाऊक असतो, तो गोष्टीतला. कासवाशी शर्यत हरणारा आणि सिंहाला विहिरीत उडी घ्यावयास लावणारा ससा प्रत्येक मुलाच्या ओळखीचा आहे. यवतमाळच्या रानातील खरा ससा मात्र फारच थोड्यांनी न्याहाळलेला असतो. त्याच्या मानेवर मागील बाजूस काळा पट्टा असतो. तो बीळ खणीत नाही. गवताच्या आडोशाला अंगाच्या आकाराचा खोलगट ठसा करून त्यात तो दिवसभर निश्चल बसून राहतो आणि सांज झाली की चरावयास निघतो. या जिल्ह्यात वैशाख-ज्येष्ठात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात त्याचे लांब कान त्याच्या उपयोगी पडतात. कानांतील रक्तवाहिन्यांवाटे अंगातील उष्णता बाहेर टाकली जाते. त्याची पिले उघड्या डोळ्यांनी आणि अंगभर केसांसह जन्माला येतात, कारण उघड्या माळावर जन्मणाऱ्याला असहाय राहणे परवडत नाही.

या सशाचा एक दूरचा भाऊबंद हिमालयात राहतो. त्याचे नाव पिका. मुठीएवढा देह, आखूड वाटोळे कान आणि शेपूट तर जवळजवळ नाहीच. पाहणाऱ्याला तो उंदीरच वाटावा. तथापि त्याच्या वरच्या पुढच्या दातांमागे सशाप्रमाणेच लहान दातांची दुसरी जोडी असते, आणि तीच त्यांच्या नात्याची खूण होय. तुंगनाथच्या परिसरात खडकांच्या ढिगांतून तो दृष्टीस पडतो. लडाखमध्ये आणि तिबेटच्या पठारावर त्याच्या इतर जाती आढळतात. काही तर सहा हजार मीटर उंचीपर्यंत राहतात. एवढ्या थंडीतही पिका हिवाळाभर झोपून राहत नाही. त्याच्या अनेक जाती उन्हाळ्यात गवत व फुले तोडून, वाळवून, खडकांच्या फटींत त्यांच्या गंजी रचतात आणि बर्फ पडले की त्यांवर निर्वाह करतात. तिबेटच्या पठारावरील पिका हिवाळ्यात हालचाल व शरीराचा खर्च कमी करतो आणि प्रसंगी याकच्या शेणावरही गुजराण करतो, हे अलीकडच्या संशोधनात दिसून आले आहे. शेतकऱ्याने पावसाळ्याआधी कडबा रचून ठेवावा, तशीच ही दूरदृष्टी आहे.

थंडीसाठी घडलेला हा देह उष्णतेपुढे मात्र हतबल होतो. अमेरिकेतील पिकाला खडकांच्या गारव्यात शिरता आले नाही, तर सव्वीस अंशांच्या आसपासची उष्णताही काही तासांत त्याचा प्राण घेऊ शकते. यवतमाळच्या माणसाला सव्वीस अंश म्हणजे सुखद सकाळ वाटेल. जग जसजसे तापत आहे, तसतसा पिका अधिक उंच जागा शोधतो. परंतु डोंगराला शिखर असते आणि शिखरापलीकडे चढावयास जागा नसते. अमेरिकेतील कमी उंचीच्या काही ठिकाणांहून तो नाहीसाही झाला आहे. बर्फ कमी पडल्यानेही त्याची हानी होते, कारण जमिनीवरील बर्फाचा थर त्याला पांघरुणासारखा ऊब देतो. ज्याने कधी एकही चूल पेटविली नाही, त्याला साऱ्या जगाच्या धुराचे मोल द्यावे लागत आहे.

पिकाची दुसरी कथा यवतमाळने विशेष लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे. तिबेटच्या पठारावर गुरांचा चारा पिका खातो व कुरणे उजाड करतो, असे ठरवून चीनने १९५० नंतरच्या दशकांत तेथे त्याच्यावर विषाचा प्रयोग आरंभिला. विस्तीर्ण कुरणांवर विषारी दाणे टाकण्यात आले. पुढे संशोधकांनी बारकाईने पाहिले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. पिकाच्या रिकाम्या बिळांत पक्षी घरटी करीत होते. त्या बिळांतून पावसाचे पाणी जमिनीत मुरत होते. ससाणे, खोकडे आणि अस्वले पिकावर पोट भरीत होती. जेथे पिका मेला तेथे पक्षीही उणे झाले आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जाऊ लागले. अतिचराईने झिजलेल्या कुरणात पिका वाढतो, हे लक्षात न घेता परिणामालाच कारण मानले गेले होते.

विषाची वाट माणसाने आखलेल्या रेषेवर थांबत नाही, याचा दाहक अनुभव यवतमाळ जिल्ह्याने घेतला आहे. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांना प्राणास मुकावे लागले. डोक्याइतकी उंच वाढलेली कपाशी, दमट हवा, तोंडावर साधा रुमाल आणि एकत्र मिसळलेली तीव्र औषधे, यांतून ही आपत्ती ओढवली. विष किडीसाठी होते. ते श्वासावाटे आणि कातडीवाटे माणसाच्या देहात गेले. लहान जिवाला केवळ शत्रू मानून त्याच्यावर हत्यार उगारणारा समाज स्वतःच्याच घरातील माणसांना त्या हत्यारापुढे उभे करतो.

यावर शेतकरी विचारील, की ससा हरभऱ्याचे कोवळे शेंडे खातो, सोयाबीनची रोपे कुरतडतो, त्याचे काय? हा प्रश्न रास्त आहे. ज्याचे वर्षाचे पोट चार एकरांवर अवलंबून आहे, त्याला भूतदयेचा कोरडा उपदेश करणे हे निर्दयपणाचेच होय. पिकाला कुंपण घालण्याचा आणि राखण करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि वन्य जनावरांनी केलेल्या हानीची भरपाई त्याला वेळेवर मिळाली पाहिजे. परंतु राखण करणे निराळे आणि निर्दाळण करणे निराळे. ज्या रानात ससे व उंदीर आहेत, तेथेच रानमांजर, कोल्हा आणि घुबड टिकतात. आणि हेच शिकारी पिकाची नासाडी करणाऱ्या उंदरांना आवर घालतात. सशासाठी फासे लावणे हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.

याहून मोठी हानी मात्र नकळत होते. उन्हाळ्यात शेते साफ करताना धुरे पेटवून देण्याची रीत विदर्भात अनेक ठिकाणी आहे. काडीकचरा जळतो, धुरा स्वच्छ दिसतो आणि काम झाल्याचे समाधान मिळते. परंतु सुक्याबरोबर ओलेही जळते. त्या गवतात सशाची पिले असतात, तितराची अंडी असतात, सरडे असतात, मातीचा कस राखणारे असंख्य किडे असतात. संकट आले तर निश्चल बसून राहावे, ही सशाच्या पिलाची उपजत वृत्ती त्याला कोल्ह्यापासून वाचवते. आगीपासून ती त्याला वाचवू शकत नाही.

हिमालयातील पिकाला वाचविण्यासाठी जगातील थोर राष्ट्रांना धूर कमी करावा लागेल, आणि ते काम दीर्घ काळाचे आहे. धुऱ्यावरच्या सशासाठी मात्र कोणत्याही राष्ट्राच्या संमतीची आवश्यकता नाही. प्रत्येक शेताने आपल्या धुऱ्यावर दोन हात रुंदीची गवताची पट्टी न पेटविता राखली, औषध मोजून व अंग झाकून फवारले आणि गावाने थोडे पडीक रान मोकळे ठेवले, तरी पुष्कळ साधेल. गवत राखलेल्या धुऱ्यावरून पावसाळ्यात माती वाहून जात नाही, हा लाभ तर शेतकऱ्याच्याच पदरात पडतो. टिपेश्वरच्या वाघाची वाटही अशाच धुऱ्यांवरून आणि पडीक रानांतून गेली होती. लहान जिवांचा वाटा ज्या गावाने सांभाळला, त्या गावाने आपलीही माती सांभाळली असेच म्हटले पाहिजे.