खुर्ची उलटी करून बघा!

सोसायटीच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली ती खुर्ची भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उलटी करा. कापड फाटलंय, कबूल. पण आत सागवानी सांगाडा असेल आणि हलवल्यावर डुगडुगत नसेल, तर बॉस, लॉटरी लागली! बारीक भोकांतून भुसा गळत असेल तर मात्र आधी किडीचा बंदोबस्त.

कारागीर हमखास म्हणणार, 'स्प्रिंगा काढू, फोम भरू.' ऐकू नका. जुन्या बैठकीत स्प्रिंगा सुतळीने एकमेकींना बांधलेल्या असतात, वर काथ्याचा थर. बहुतेकदा सुटलेली असते ती सुतळी, नाहीतर खालचे पट्टे. तेवढंच बदलून मिळतं. (मी ऐकलं होतं. आजोबांची खुर्ची. आता दिसते झकास, पण बसल्यावर त्यांची वाटत नाही.)

कापड जाड विणीचं कॉटन घ्या. रेक्झिन नको, मे महिन्यात पाठ चिकटते. हातांसकट मढवायला साधारण पाच मीटर लागतं. मोठं डिझाइन असेल तर जुळवणीसाठी थोडं जास्तच.

घरात जुनी खुर्चीच नाही? मुंबईकरांना जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आहेच. निघण्याआधी तुमच्या लिफ्टचं दार तेवढं मोजा.