केमो चालू असताना 'अँटिऑक्सिडंट'चा डबा घेताय? आधी हे वाचा

ग्लासभर पाणी. त्यात जखमेवर लावतात त्या आयोडिनच्या औषधाचे चार थेंब. पाणी तपकिरी झालं. मग गुरुजींनी डब्यातली चमचाभर पावडर टाकली, ढवळली, आणि पाणी पुन्हा नितळ.

"बघा, हा शरीरातला गंज. केमोनं हा गंज वाढतो. आणि हा आमचा अँटिऑक्सिडंट. सगळा गंज धुऊन काढतो."

हा प्रयोग मागच्या वर्षी माझ्या मावशीच्या ओसरीवर झाला. मावशी ५८ वर्षांची. पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं होतंय म्हणून आठ महिने तिनं ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. मग कळलं, अंडाशयाचा कॅन्सर. तोवर तो पोटात पसरलेला होता. प्रयोग झाला तेव्हा केमोच्या दोन सायकल झाल्या होत्या. केस गेले होते, पायाला मुंग्या येत होत्या, तोंडाला चव नव्हती. अशा माणसासमोर कुणी नितळ पाण्याचा ग्लास धरला तर तो काय करेल? मावशीनं डबा घेतला. ३,२०० रुपये. महिन्याला असे दोन डबे. केमो फुले योजनेत फुकट, आणि डब्यासाठी दोन शेळ्या विकल्या.

गुरुजी कुणी लबाड माणूस नाहीत हो. मला चौथीला शिकवलंय त्यांनी. निवृत्तीनंतर कुणीतरी त्यांना साखळीत घेतलं. त्यांचा स्वतःचा त्या पावडरीवर पूर्ण विश्वास आहे, ते स्वतः रोज घेतात. म्हणूनच त्यांचं बोलणं लोकांना पटतं.

आता माझं पाप सांगतो. ज्या पेपरात मी तेव्हा काम करायचो, त्यात तसल्याच एका पावडरीची अर्धं पान 'आरोग्यविषयक माहिती' छापून आली होती. ती जाहिरात होती, पण बातमीसारखी दिसेल अशी मांडलेली. तिचं हेडिंग मी दिलं होतं. दिवाळी अंकाच्या जाहिराती मिळवायच्या असतात, तालुक्याच्या पत्रकाराला पर्याय नसतो, असं मी स्वतःला समजावलं. मावशीच्या घरात त्या पानाचं कात्रण डब्याखाली ठेवलेलं बघितलं, तेव्हा मान खाली गेली.

तिसऱ्या सायकलला मी सोबत गेलो. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "मावशी, बाहेरचं काही घेताय का?" मावशी म्हणाली, "नाही." मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. मावशी माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी घरातली चोरी पोलिसाला सांगितली. डॉक्टर चिडला नाही. बाहेर रांग लागलेली असताना त्यानं पाच मिनिटं काढली आणि समजावलं. पुढं मी बरंच वाचलं. ते सगळं मिळून इथं साध्या भाषेत मांडतो.

गुरुजी म्हणाले ते अर्धं खरं आहे. आपल्या पेशींत प्राणवायू वापरताना काही फार आगाऊ रेणू तयार होतात, फ्री रॅडिकल्स. ते दिसेल त्याला चावतात. त्यांना आवरायला शरीराकडं स्वतःची फौज असते, त्यातला मोठा गडी म्हणजे ग्लुटाथायोन. हल्लेखोर जास्त झाले आणि फौज कमी पडली की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. अंडाशयाच्या कॅन्सरच्या बायकांच्या रक्तात हा ताण उपचाराआधीच वाढलेला आढळतो, आणि केमोनं त्यात भर पडू शकते. इथपर्यंत गुरुजी बरोबर.

पण गुरुजींना उरलेलं अर्धं कुणी सांगितलं नव्हतं.

या कॅन्सरला नेहमी दिली जाणारी दोन औषधं म्हणजे कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. साधारण दर तीन आठवड्यांनी, बहुतेक वेळा सहा सायकल. कार्बोप्लॅटिनमध्ये खरोखरचं प्लॅटिनम असतं, दागिन्यातलं. त्याचा थोरला भाऊ सिसप्लॅटिन. अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाला १९६५ मध्ये त्याचा गुण दुसराच प्रयोग करताना सापडला, आणि १९७८ मध्ये तिथं औषधाला मान्यता मिळाली. हे प्लॅटिनम पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं, त्यामुळं पेशीला स्वतःची नक्कल करता येत नाही. त्याच वेळी पेशीच्या आत फ्री रॅडिकल्सही वाढतात. कॅन्सरची पेशी आधीच या ताणाखाली जगत असते, काठावर उभी असते. तिला शेवटचा धक्का द्यायला हा वाढलेला ताणही हातभार लावतो.

म्हणजे ज्याला गुरुजी गंज म्हणतात, तो काही अंशी औषधाच्या कामाचाच भाग आहे!

आणि तो ग्लुटाथायोन? तो चांगल्या पेशीला वाचवतो, तसा कॅन्सरच्या पेशीलाही वाचवतो. प्लॅटिनमला पकडून निकामी करतो. प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या कॅन्सरच्या पेशींत ग्लुटाथायोन वाढलेलं असतं, हे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं दिसलेलं आहे. त्यामुळं डॉक्टरांची भीती साधी आहे. डबा चांगल्या पेशी वाचवेल आणि वाईट सोडून देईल, याची हमी कोण देणार?

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीही गुरुजींसारखाच अर्धं सांगणारा ठरेन. या ताणामुळं चांगल्या पेशींचंही नुकसान होतं. सिसप्लॅटिननं किडनी, कान आणि नसांना होणाऱ्या त्रासात त्याचा हात आहे. म्हणून शास्त्रज्ञांनी अँटिऑक्सिडंट देऊनही बघितलं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंडाशयाच्या कॅन्सरच्या १५१ बायकांपैकी काहींना सिसप्लॅटिनआधी ग्लुटाथायोनचं इंजेक्शन दिलं, तर त्यांच्यातल्या जास्त जणींना सहाही सायकल पूर्ण करता आल्या. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस इथल्या एका छोट्या अभ्यासात शिरेतून क जीवनसत्त्व दिल्यावर केमोचा त्रास कमी झालेला दिसला. पण ते मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नसेतून दिलेलं औषध होतं. शिवाय इतक्या मोठ्या मात्रेत नसेतून दिलेलं क जीवनसत्त्व कॅन्सरच्या पेशीत ताण वाढवतं, म्हणजे गुरुजींच्या बरोबर उलटं.

उलट्या बाजूचे अनुभवही आहेत. पायाच्या मुंग्यांवर गुणकारी म्हणून असिटिल-एल-कार्निटिन विकलं जातं. २०१३ च्या अभ्यासात पॅक्लिटॅक्सेलच्या जातीची औषधं घेणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या ४०९ बायकांवर ते तपासलं. २४ आठवड्यांनी बघितलं तर ते घेणाऱ्यांच्या मुंग्या वाढल्या होत्या. २०१९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्याच १,१३४ बायकांचा अभ्यास आला. केमोआधी आणि केमोत अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत आजार परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. अशा गोळ्या घेणाऱ्या कमी होत्या, त्यामुळं तो पक्का पुरावा नाही, इशारा आहे. पण इशारा डब्यावर छापतात का?

गैरसमज नको. पालेभाजी, डाळ, फळं सोडा असं कुणी म्हणत नाही. जेवणातल्या लिंबानं केमो वाया जात नाही. प्रश्न आहे तो एका चमच्यात कितीतरी पट कोंबलेल्या पावडरीचा, अर्काचा, काढ्याचा. पॅक्लिटॅक्सेल यकृतात मोडतं, आणि काही वनस्पतींचे अर्क तिथंच ढवळाढवळ करतात, हाही भाग आहे.

आणि तो ग्लासातला प्रयोग? मी घरी करून बघितला. मेडिकलमधून क जीवनसत्त्वाची चघळायची गोळी आणली, कुटून टाकली. पाणी तसंच नितळ झालं. ही शाळेतल्या प्रयोगशाळेतली रासायनिक क्रिया आहे, तिचा कॅन्सरशी काडीचा संबंध नाही. चार-दोन रुपयांत ३,२०० ची जादू.

कायदा आहे. १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याखाली कॅन्सर बरा करण्याची जाहिरातच करता येत नाही. अशी पावडर खाद्यपदार्थ म्हणून विकली जाते, आणि खाद्यपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. पण ओसरीवर बसून सांगितलेली जाहिरात पकडणार कोण? ती आपणच पकडायची.

म्हणून माझं म्हणणं तीन जणांना आहे.

डॉक्टरांना: "बाहेरचं काही घेताय का?" असं विचारलं की पेशंट 'नाही' म्हणतो, कारण त्याला ओरडा बसेल असं वाटतं. त्याऐवजी "घरी कुठली पावडर, काढा, रस चालू आहे? पुढच्या वेळी डबा घेऊन या" असं मराठीत केसपेपरवरच छापा. रांग मोठी असते हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण तुम्ही जी पाच मिनिटं देत नाही, ती गुरुजी दोन तास देतात, आणि वर चहा पितात.

माझ्या पत्रकार बंधूंना: जाहिरातीवर 'जाहिरात' असं लिहा. आजारी माणसाच्या घरात आपला कागद पुरावा म्हणून जपला जातो.

आणि घरच्यांना: डबा लपवू नका. घेतलाच असेल तर डॉक्टरपुढं ठेवा. त्यात लाज कसली?

मावशीच्या सहा सायकल झाल्या, ऑपरेशन झालं, आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. त्या दोन डब्यांनी तिचं नुकसान झालं असं मी म्हणत नाही. शेळ्या मात्र गेल्या. गुरुजींकडं मी स्वतः जाऊन आलो. तासभर बोललो. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मला हे कुणी सांगितलंच नाही रे."

म्हणून ही एवढी लांब पोस्ट. तुमच्या गल्लीत कुणाची केमो चालू असेल तर त्यांना वाचून दाखवा. आणि तुमच्या ओळखीचे कुणी गुरुजी असतील तर त्यांना आधी.