अंडी वाढतील, पण कोणाची?

बंगळुरूच्या शिवाजीनगरातील रसेल मार्केटसारख्या बाजारांत गावठी कोंबडीच्या अंड्याला, ज्याला तिथे ‘नाटी’ म्हणतात, पांढऱ्या अंड्याहून अधिक भाव मिळतो. पिंजऱ्यातील व्यावसायिक कोंबडी वर्षाला ३००हून अधिक अंडी घालते. परसात चरणारी गावठी कोंबडी साधारण ५० ते ८०. ही दरी जनुकीय खुणांच्या, म्हणजेच मार्करच्या, आधारे कमी करता येईल, अशी आशा पशुवैज्ञानिक बाळगतात. आशा रास्त आहे. मात्र अंडी वाढवताना त्या कोंबडीच्या मालकाचे काय होणार, हे धोरणकर्त्यांनी आधी विचारायला हवे.

कोंबडा अंडी घालत नाही. त्याच्यात कोणते गुण दडले आहेत, हे त्याच्या बहिणींच्या आणि मुलींच्या अंड्यांची मोजदाद करूनच ताडावे लागे. २००४ मध्ये रानकोंबडीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि पुढे रक्ताच्या थेंबावरून पिल्लाच्या वयातच निवड करणे शक्य झाले. पण त्या थेंबाचा अर्थ लावण्यासाठी हजारो कोंबड्यांच्या अंड्यांची पिढ्यानपिढ्यांची नोंद लागते. अशा नोंदींचा मोठा साठा बड्या पैदासकार कंपन्यांकडे आहे. लेगहॉर्नवर ठरवलेली खूण असील किंवा बुसरा कोंबडीला तशीच लागू पडेल, याची खात्री देता येत नाही.

खरा पेच खुडूकपणाचा आहे. प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढले की कोंबडी खुडूक होते. अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसते. या संप्रेरकाच्या जनुकालगत असलेला २४ अक्षरांचा एक तुकडा अधिक अंड्यांशी निगडित असल्याचे संशोधनात आढळले आहे. अशी खूण निवडणे म्हणजे खुडूकपणा हळूहळू घालवणे. ज्याच्याकडे उबवणी यंत्र आहे, त्याला हा लाभच. पण बुसरा कोंबडीचे माहेर असलेल्या नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर खुडूक कोंबडी हेच उबवणी यंत्र असते. २००६ मध्ये देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक याच जिल्ह्यातील नवापुरात झाला, तेव्हा परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. अशा संकटानंतर घरचा कळप पुन्हा उभा राहतो तो पिल्ले काढणाऱ्या कोंबडीच्या बळावर.

शिवाजीनगरापासून काही किलोमीटरवरील हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विकसित झालेली गिरिराज कोंबडी महाराष्ट्रातही रुजली. ती गावठीपेक्षा जास्त अंडी देते, पण संकरित असल्याने पुढच्या पिढीत तेच गुण टिकत नाहीत; पिल्ले पुन्हा केंद्रातून आणावी लागतात. केंद्र दूर असले की योजना तिथेच थांबते.

२०२३-२४ मध्ये देशात दरडोई वर्षाला १०३ अंडी उपलब्ध होती. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस १८० अंड्यांची आहे. म्हणून उत्पादन वाढायलाच हवे. पिंजऱ्यातील कोंबडीची सुधारणा बाजार स्वतःच्या हितासाठी करीलच. सरकारी पैसा बुसरा, असील, घागस यांच्या नोंदवह्या भरण्यासाठी खर्च व्हावा. त्यांची निवड करताना अंड्यांच्या संख्येबरोबर उबवण्याची वृत्ती, रोगप्रतिकार आणि जगलेली पिल्लेही मोजावीत. वर्षाला ३० अंडी जास्त देणारी, पण पिल्ले काढणारी कोंबडी प्रयोगशाळेच्या तक्त्यात मागे पडेल. पाड्यावर मात्र तीच संसाराला हातभार लावील.