विश्लेषण : मुंबई हायचे तेल संपलेले नाही, मग ते बाहेर का येत नाही?

एक रुपयाच्या नोटेच्या मागच्या बाजूला समुद्रात उभा असलेला एक सांगाडा छापलेला दिसतो. तो आहे ‘सागर सम्राट’ या रिगचा. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात याच रिगने खोदलेल्या विहिरीत तेल लागले आणि ‘मुंबई हाय’ हे नाव घराघरांत पोहोचले. पन्नास वर्षांनंतर हे तेलक्षेत्र थकले आहे. १९८९ मध्ये येथून दिवसाला पावणेपाच लाख बॅरलच्या आसपास तेल निघत होते. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे १ लाख ३४ हजारांवर आला. ही घसरण रोखण्यासाठी ओएनजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीपी या कंपनीशी दहा वर्षांचा तांत्रिक सेवा करार केला. खाली तेल आहे हे ओएनजीसीलाही माहीत आहे, मग परदेशी कंपनीची मदत कशाला? याचे उत्तर तेथील खडकात आहे.

सर्वसामान्यांचा संबंध काय?

मुंबई हायचे तेल आणि वायू समुद्राखालच्या वाहिन्यांतून किनाऱ्यावर येतात. उरणचा प्रकल्प त्यावरच उभा राहिला. मुंबई आणि परिसरातील सीएनजी, घरोघरचा पाइप गॅस यांना मिळणारा सरकारी दराचा स्वस्त वायू ओएनजीसीच्या अशाच जुन्या क्षेत्रांतून येतो. या क्षेत्रांचे उत्पादन घटत असल्याने ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरी गॅस कंपन्यांचा स्वस्त वायूचा कोटा कापण्यात आला. कमी पडलेला वायू महाग दराने घ्यावा लागला आणि नोव्हेंबरमध्येच मुंबईत सीएनजी किलोमागे दोन रुपयांनी वाढून ७७ रुपयांवर गेला. रिक्षाचालकाच्या खिशापर्यंत पोहोचणारी ही साखळी समुद्रतळाखाली सव्वा ते दीड किलोमीटरवर असलेल्या एका चुनखडकाच्या थरापासून सुरू होते.

तेल खडकात असते म्हणजे नेमके कुठे?

जमिनीखाली तेलाचे तळे असते आणि त्यात पाइप सोडला की ते उपसता येते, असा समज अजूनही आहे. तसे तळे कुठेच नसते. तेल खडकाच्या बारीक छिद्रांत, ओल्या विटेत पाणी मुरावे तसे मुरलेले असते. महाराष्ट्रात राहणाऱ्याला खडक म्हटले की काळा कातळ आठवतो, फार तर कोकणातला जांभा. कातळ लाव्हा थंड होऊन झाला. त्यात तेल तयार होत नाही. तेलाचा संबंध गाळापासून बनलेल्या, म्हणजे स्तरित खडकांशी. मुंबईतल्या जुन्या इमारतींवर नक्षीसाठी वापरलेला पोरबंदरी दगड पाहिला तर साधारण कल्पना येते. तो चुनखडकच आहे आणि जवळून पाहिल्यास त्याची छिद्रे डोळ्यांनाही दिसतात.

मुंबई हायखालीही तळाशी आपला दख्खनचा कातळ आहेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा भूखंड भारतापासून तुटून दूर जाऊ लागला, तेव्हा पश्चिम किनाऱ्यालगतचा भूभाग ताणला गेला. काही तुकडे खचले, काही उंच राहिले. उंच राहिलेला एक तुकडा म्हणजे मुंबई हाय. नावातला ‘हाय’ याच उंचवट्याचा. (काही विहिरींत तर या तळाच्या खडकाच्या भेगांतही तेल सापडले आहे, पण ते तिथे जन्मलेले नाही, बाहेरून शिरलेले आहे.)

गाळाने साठा कसा घडवला?

शेजारच्या खोलगट भागांत चिखल साचत गेला. त्यात वनस्पती आणि सूक्ष्मजीवांचे अवशेष होते. हा चिखल खोल गाडला गेला, साधारण ६० ते १२० अंश सेल्सियस तापमानात लाखो वर्षे शिजला आणि त्यातून तेल व वायू सुटले. दोन्ही पाण्यापेक्षा हलके असल्याने वर आणि बाजूला सरकत गेले.

उंचवट्यावर मात्र वेगळेच चालले होते. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी तेथे उथळ, उबदार, स्वच्छ समुद्र होता. नद्यांचा गाळ फारसा पोहोचत नव्हता, त्यामुळे चुन्याची कवचे असलेले जीव भरभरून वाढले. त्यांच्या कवचांचा ढीग म्हणजे आजचा चुनखडक. ओएनजीसीच्या कागदपत्रांत मुख्य थराचे नाव ‘एल-३’ असे रूक्ष आहे. समुद्राची पातळी अधूनमधून खाली जाई, तेव्हा हा चुनखडक उघडा पडे आणि पावसाचे पाणी त्यात मुरून चुना विरघळवी. त्यातून मोठी छिद्रे आणि पोकळ्या तयार झाल्या. आज तेल राहते ते बऱ्याच अंशी या पोकळ्यांत.

पुढे नद्यांनी आणलेला गाळ वाढला आणि संपूर्ण उंचवटा चिखलाखाली गेला. त्या चिखलाचा झाला शेल हा घट्ट खडक. त्यातून तेल आरपार जात नाही, म्हणून खालून वर सरकणारे तेल एल-३ मध्येच अडकले. हे झाकण नसते तर तेल केव्हाच समुद्रात मिसळून गेले असते.

मग अडचण कुठे आली?

त्याच चिखलात. उथळ समुद्रात चुनखडक साचत असतानाही मधूनमधून चिखलाचा पातळ थर येऊन पडे, पुन्हा पाणी निवळे, पुन्हा चुनखडक. त्यामुळे एल-३ हा एकसंध दगड नाही. चुनखडक आणि शेल यांच्या एकावर एक चकत्या आहेत. शिवाय शेलने भरलेल्या एका पूर्व-पश्चिम पट्ट्याने क्षेत्राचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग केले आहेत. नकाशावर दिसणारे एक तेलक्षेत्र प्रत्यक्षात एकमेकांशी नीट न जोडलेल्या अनेक कप्प्यांचे आहे. एका कप्प्यातील विहीर शेजारच्या कप्प्यातील तेल ओढू शकत नाही.

इथे सच्छिद्रता आणि पार्यता यांतला फरक कळीचा ठरतो. खडकात छिद्रे किती हे सच्छिद्रता सांगते. ती एकमेकांना किती जोडलेली आहेत हे पार्यता. वाळूच्या खडकात या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा हातात हात घालून जातात. चुनखडकात तसे नसते. एका वीतभर थरातून तेल धो-धो वाहते, तर त्याच्याच खालच्या थरात तेवढेच तेल असूनही ते हलत नाही.

सुरुवातीला खडकातला दाब तेल वर ढकलतो. दाब ओसरला की समुद्राचे पाणी आत भरून तेल विहिरीकडे रेटले जाते. मुंबई हायमध्ये हे काम १९८० च्या दशकापासून सुरू आहे. पण भातखाचराच्या बांधाला खेकड्याने बीळ पाडले की सगळे पाणी त्याच बिळातून निघून जाते आणि खाचर भरत नाही, तसेच इथे होते. भरलेले पाणी सर्वांत मोकळ्या थरातून थेट विहिरीपर्यंत पोहोचते. वरच्या-खालच्या घट्ट थरांतले तेल जागच्या जागी राहते. त्यात चुनखडकाच्या पृष्ठभागाला तेल चिकटून राहण्याची खोड असते. जगभरातील तेलक्षेत्रांतून सरासरी मूळ साठ्याच्या एक तृतीयांशाच्या आसपासच तेल निघते, त्यामागे हीच कारणे आहेत.

हे थर दिसतात कसे?

पृष्ठभागावरून ध्वनिलहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपले जातात. मुंबई हायचा उंचवटाही १९६० च्या दशकात सोव्हिएत मदतीने झालेल्या अशाच सर्वेक्षणात दिसला होता. पण इतक्या खोलीवर दोन-तीन मीटरचा शेलचा थर या चित्रात सहसा उमटत नाही. त्यासाठी विहिरीत उपकरणे सोडावी लागतात. शेलमध्ये पोटॅशियम, थोरियम अधिक, म्हणून तेथे गॅमा किरणांचा आकडा वाढतो. खारे पाणी वीज वाहून नेते आणि तेल नेत नाही, म्हणून विद्युतरोधावरून छिद्रांत काय भरले आहे ते कळते. खडकाचे दंडगोल नमुनेही काढले जातात आणि त्यांतील फोरामिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या जीवाश्मांवरून थराचे वय, त्यावेळची समुद्राची खोली ठरते. एका विहिरीतला थर शेजारच्या विहिरीतल्या कोणत्या थराशी जुळतो, की मध्येच संपतो, हा सगळ्यात अवघड भाग. तिथे यंत्राइतकाच भूवैज्ञानिकाचा अंदाज चालतो आणि तो चुकला तर कोट्यवधींची विहीर पाण्यात जाते, शब्दशः.

कराराने काय साधेल?

क्षेत्राची मालकी ओएनजीसीकडेच राहील. बीपीने साठा आणि विहिरींचा फेरआढावा घेऊन सुधारणा सुचवायच्या आहेत. पहिली दोन वर्षे ठरावीक शुल्क आणि त्यानंतर वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नातील हिस्सा, असा मोबदला आहे. मूळ पातळीपेक्षा तेल आणि वायूचे एकत्रित उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असे बीपीने दर्शवल्याचे ओएनजीसीने जाहीर केले. हा आकडा वाचताना घाई नको. ‘मूळ पातळी’ म्हणजे १९८९ नव्हे. काहीच केले नाही तर पुढील दहा वर्षांत जे घटते उत्पादन मिळाले असते, ती. भारताची रोजची गरज ५० लाख बॅरलहून अधिक आहे आणि ८५ टक्क्यांहून जास्त कच्चे तेल आयात होते. मुंबई हायने हे चित्र पालटणार नाही. मात्र शिल्लक मानले जाणारे सुमारे ८ कोटी टन तेल आणि ४० अब्ज घनमीटरहून अधिक वायू ज्या कप्प्यांत आहे ते अचूक सापडले, तर वाहिन्या, फलाट, उरणचा प्रकल्प असे सगळे आधीच उभे असलेल्या जागेतून तो मिळेल. नव्या खोल समुद्रात शून्यापासून सुरुवात करण्यापेक्षा हे निश्चितच स्वस्त आहे.

यश येत आहे की नाही याची पहिली खूण उत्पादनाच्या एकूण आकड्यात शोधू नये. काही नव्या विहिरी खोदूनही तो आकडा तात्पुरता वाढवता येतो. पाहायचे ते तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण. ते वाढायचे थांबले, तर भरलेले पाणी मोकळा थर सोडून घट्ट थरांतल्या तेलापर्यंत पोहोचू लागले आहे, असे समजता येईल.