दुकानाचा बोर्ड नंतर लावा, आधी बिळं बुजवा

परवाच्या व्हिडिओत गाळा भाड्याने घेताना काय काय बघायचं ते सांगितलं. लाईटचं मीटर, पाण्याची वेळ, टेम्पो लागतो की नाही. त्यात एक गोष्ट राहूनच गेली. राहायला नको होती, कारण तिच्यापायी मी स्वतः एक अख्खी दिवाळी घालवली आहे. उंदीर!

हसू नका. तेव्हा मी चिवडा-फरसाणाचं पॅकिंग करायचो. एका दुकानदाराने चारशे पाकिटांची ऑर्डर दिली होती. माल रात्री खोक्यांत भरला, खोकी भिंतीला टेकवून जमिनीवरच रचली आणि सकाळी टेम्पो पाठवला. दुपारी फोन आला. एका पाकिटाचा कोपरा कुरतडलेला आणि खोक्याच्या तळाशी चार लेंड्या. चारशेपैकी एक पाकीट! पण त्यांनी सगळा माल परत केला, आणि खरं सांगतो, त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. उंदीर कुठल्या कुठल्या पाकिटावरून फिरला हे कोण सांगणार? तेल, शेंगदाणे, पोहे, मजुरी, सगळं पाण्यात. पुढच्या वर्षी ती ऑर्डर दुसऱ्याकडे गेली.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. चिडून विषाच्या वड्या टाकल्या. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच वड्यांमुळे उंदराचं रक्त गोठायचं थांबतं. म्हणजे तो खाल्ल्या खाल्ल्या मरत नाही, काही दिवसांनी मरतो, आणि कुठे मरायचं ते तो ठरवतो. आमचा माळ्याच्या फळ्यांमागे मेला. आठवडाभर असा वास, की गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरायचं. महिन्याभरात नवे उंदीर हजर! येणारच ना, बीळ तसंच आणि सांडलेले शेंगदाणेही तसेच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. खाण्याच्या वस्तूंचा धंदा असेल तर विषाला आत जागा नाही. घरातून पापड-मसाल्याचा धंदा करणाऱ्या ताईंनी तर अजिबात वापरू नये. ट्यूबमध्ये जी पेस्ट मिळते, त्यातल्या काहींत पिवळा फॉस्फरस असतो. तो यकृत निकामी करतो आणि त्यावर खास असा उतारा नाही. लहान मुलं ती दात घासायची पेस्ट समजून तोंडात घालतात. एका ट्यूबसाठी ही जोखीम कशाला?

पैसा लावायचा तो भोकांवर लावा. नियम सोपा आहे: जिथे पेन्सिल शिरते तिथून घरातला बारका उंदीर शिरतो. शटरखालची फट, पाईप भिंतीतून आत येतो ती जागा, मोरीची जाळी, एसीची वायर, शटर गुंडाळलं जातं तो वरचा डबा, सगळं टॉर्च घेऊन बघा. भोकात कापूस, कागद, थर्माकोल कोंबू नका. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, तो ते कुरतडून मोकळा होईल. भांडी घासायची स्टीलची काथी कोंबून वरून सिमेंट लावा. मोरीला पाव इंची लोखंडी जाळी, लाकडी दाराला खालून पत्रा. गवंड्याची एक दिवसाची मजुरी आणि थोडं सामान, एवढ्यात छोटा गाळा होतो. लोक फ्लेक्सच्या बोर्डावर याच्यापेक्षा जास्त उडवतात!

माल जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. मधून झाडू फिरला पाहिजे. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो, त्यामुळे ती मोकळी पट्टी रोज झाडली की लेंडी पहिल्याच दिवशी दिसते. शंका असेल तर रात्री त्या पट्टीवर थोडं पीठ भुरभुरवा, सकाळी पावलं दिसतील.

आत आलेत त्यांच्यासाठी सापळा. इथे लोक घाई करतात. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून दोन-तीन रात्री सापळा न लावता नुसतं खाणं ठेवा, सवय होऊ द्या, मग लावा. आमिषाला भजी किंवा सुका बोंबील. एकच सापळा ठेवून वाट बघत बसू नका, चार-पाच ठेवा. मांजर पाळू का असं बरेच जण विचारतात. किराणा दुकानात लोक पाळतात, पण जिथे पदार्थ बनतो तिथे नको, मांजराचे केस हा वेगळाच ताप.

आणि हे फक्त मालाच्या नुकसानीचं नाही. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, 2005 च्या पुरानंतर मुंबईने तो बघितला आहे. पावसाळ्यात गाळ्यात पाणी शिरतं आणि कामगार जखम झालेल्या पायाने त्यातून फिरतो, तेव्हा तो धोका तुमच्या दारात असतो. गमबूट घेऊन द्या. शिवाय अन्नसुरक्षेचं रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स घेतलंत की 2011 च्या नियमांतली अनुसूची 4 तुम्हाला लागू होते. त्यात किडे-उंदीर आत येणार नाहीत अशी व्यवस्था ठेवायची जबाबदारी तुमच्यावर आहे, घरमालकावर नाही.

आता राहिलेली गोष्ट. गाळा दिवसा बघून डिपॉझिट देऊ नका. रात्री दहानंतर एकदा जा, मागच्या बाजूने जा. गटाराला झाकण आहे का, शेजारचा हॉटेलवाला खरकटं कुठे टाकतो, बघा. आमच्या बॅचमधल्या मसालेवाल्या एका ताईंनी हेच केलं. मागच्या गटारातून घुशी निघताना त्यांनी मोबाईलवर शूटिंग केलं आणि दुसऱ्या दिवशी मालकाला दाखवलं. मालक आधी म्हणाला, "उंदीर कुठे नसतात?" ताई म्हणाल्या, "मग भाडं कमी करा." शेवटी त्याने स्वतःच्या खर्चाने गटारावर फरशा टाकून दिल्या, आणि मगच त्यांनी ॲग्रीमेंटवर सही केली.